घरच्या नेटवर्किंग लॅबसाठी केबल आणि नेटवर्क कार्ड निवडताना

केबलच्या पेटीवरचा आकडा नंतर बघा, आधी आतलं तांबं बघा. कॅट म्हणजे केबलची श्रेणी. कॅट ५ई वर सेकंदाला १ आणि २.५ गिगाबिटचा वेग १०० मीटरपर्यंत चालतो. कॅट ६ वर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत जातं. घरात एवढं अंतर येतच नाही, त्यामुळे कॅट ८ वर पैसे घालवू नका.

खरा धोका सीसीएचा, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या तारेचा. नागपूरच्या बर्डी बाजारात घ्या की ऑनलाइन, पेटीवर 'कॅट ६' छापलेली सीसीए सर्रास मिळते. तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत करा. आणखी खात्री हवी असेल तर २० मीटरचा तुकडा घ्या, एका टोकाला एकाच जोडीच्या दोन तारा पिळून जोडा आणि दुसऱ्या टोकाला मल्टीमीटर लावा. २४ गेज जाडीच्या शुद्ध तांब्यात साधारण साडेतीन ओहम येतात, सीसीएमध्ये पाचच्या वर. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करायला विसरू नका. सीसीए पीओईवर, म्हणजे केबलमधूनच वीज दिली की, तापते आणि क्रिम्पजवळ, म्हणजे कनेक्टर दाबून बसवतात तिथे, तुटते.

भिंतीतून सॉलिड (एकसंध) तारेची केबल न्या. स्विच ते पीसी मात्र तयार पॅचकॉर्ड वापरा. स्वतः क्रिम्प करताना दोन्ही टोकांना क्रम हाच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका. बरेच जण हिरव्याची जोडी ३ आणि ६ ऐवजी ३ आणि ४ वर घालतात. साध्या टेस्टरचे आठही दिवे बरोबर लागतात, पण जोडी फुटल्यामुळे गिगाबिटवर एरर येतात किंवा लिंक १०० मेगाबिटवर घसरते. इथटूल या लिनक्सच्या कमांडमध्ये सीआरसी एरर (बिघडून पोचलेला डेटा) वाढताना दिसले तर आधी क्रिम्प बघा, मग कार्डाला दोष द्या.

कार्डाचं म्हणाल तर व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्क) आणि राउटिंगच्या सरावाला इंटेल आय३५०-टी४ उत्तम: चार गिगाबिट पोर्ट, लिनक्स आणि फ्रीबीएसडी दोन्हींत ड्रायव्हर भरवशाचा. पीएफसेन्स हे फ्रीबीएसडीवरचं फायरवॉल सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर रिअलटेक चिपची कार्डं टाळा. आय३५० च्या नकलाही विकल्या जातात, म्हणून फारच स्वस्त 'नवं' कार्ड घेऊ नका.

१० गिगाबिटला जुनं इंटेल एक्स५२०-डीए२ चालेल. त्याला मदरबोर्डवरच्या पीसीआयई २.० स्लॉटचे आठ लेन (डेटाचे मार्ग) लागतात. स्लॉट लांबीला मोठा दिसला तरी आत चारच लेन असू शकतात, मदरबोर्डचं मॅन्युअल वाचा. चार लेनवर एक पोर्ट पूर्ण वेगाने चालतो, दोन्ही एकदम नाही. दुसऱ्या कंपनीचं एसएफपी प्लस मॉड्यूल (पोर्टमध्ये बसवायचा केबल जोडणारा भाग) हे कार्ड नाकारू शकतं. दोन मशीन जवळजवळ असतील तर डॅक, म्हणजे दोन्ही टोकांना मॉड्यूल बसवूनच येणारी तांब्याची केबलच घ्या. ती स्वस्त असते आणि जवळपास तापत नाही. आरजे-४५ चं १० गिगाबिट मॉड्यूल मात्र चांगलंच तापतं.

हा तापण्याचा मुद्दा नागपुरात हलक्यात घेऊ नका. १० गिगाबिटची अशी कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली असतात, त्यांच्यावर स्वतःचा पंखा नसतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना साध्या कॅबिनेटमध्ये लिंक मधूनच पडते. हीटसिंकवर ४० मिमीचा पंखा बसवा, आणि डेझर्ट कूलरचा दमट झोत थेट मशीनवर येऊ देऊ नका.

गच्चीवरून केबल न्यायची असेल तर बाहेरच्या वापराची, काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची घ्या. घरातलं पीव्हीसी उन्हाने तडकतं. दोन इमारती जोडायच्या असतील तर तांबं नकोच. विजांच्या दिवसांत त्यातून येणारा झटका दोन्हीकडचे पोर्ट जाळतो. तिथे धातूची तार नसलेली फायबर टाका.