वायरमनने ‘व्हिजिट’चे पैसे मागितले? वाद घालताना या चुका टाळा

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारी मोटर चालते ती पाण्याच्या दिवशी, त्यामुळे ती बिघडल्याचंही नेमकं त्याच दिवशी कळतं. मग घाईघाईत वायरमनला फोन जातो आणि ‘ताबडतोब या’ एवढंच बोलणं होतं. तो येतो, टेस्टर लावतो, मोटरचा पंखा हाताने फिरवून बघतो. “कंडेन्सर गेलाय मालक, आत्ता माझ्याकडं नाही, उद्या टाकतो.” गाडीला किक मारता मारता तो म्हणतो, “व्हिजिटचे तीनशे द्या.”

इथून दारातला वाद सुरू होतो. मे महिन्यात कूलरवरून, हिवाळ्यात गिझरवरून, आणि वॉशिंग मशीन व आरओवरून तर बारा महिने. असे बरेच वाद घरमालक हरतो, कारण त्याच्या हातात चांगला मुद्दा असूनही तो भलताच मुद्दा धरून बसतो.

“काम झालंच नाही, मग पैसे कसले?”

हा तो भलता मुद्दा. ऐकायला जोरदार, पण टिकत नाही. माणूस अशोक चौकातून सैफुलपर्यंत आला, पेट्रोल जाळलं, अर्धा तास दिला आणि बिघाड कुठे आहे ते सांगितलं. ते ज्ञान आता तुमच्याकडे आहे. उद्या तुम्ही दुसऱ्याकडून कंडेन्सर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा तो छोटा भाग, बसवून घेऊ शकता. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम ७० असं सांगतं की, फुकट करायचा हेतू नसताना कुणी दुसऱ्यासाठी काही केलं आणि त्या दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. म्हणजे ‘शून्य रुपये’ ही भूमिका तुम्हालाच अडचणीत आणते.

तुमचा खरा मुद्दा वेगळा आहे: हे पैसे लागतील असं आधी सांगितलं नव्हतं. यायचे पैसे मागणं म्हणजे लूट नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. न सांगता मागणं मात्र चूक. दर आधी ठरला नसेल तर वाजवी रक्कम द्यायची, त्याच्या तोंडून निघेल ती नव्हे. आणि वाजवी किती, हे शोधायला वकील लागत नाही. त्याच भागातल्या आणखी दोन वायरमनना फोन करून विचारा, “नुसतं तपासून जायचे किती घेता?” दोघांनी दीडशेच्या आसपास सांगितलं तर तुमच्याकडे बोलायला आकडा आला. दोघांनीही तीनशेच सांगितलं, तर मुकाट्याने तीनशे द्या.

फोनवर फक्त पत्ता सांगणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फोनवर तीन गोष्टी विचारायच्या. यायचे आणि तपासायचे किती? काम तुमच्याकडूनच केलं तर ते पैसे मजुरीत वजा होणार का? सामान आणायला परत यावं लागलं तर दुसऱ्या फेरीचे वेगळे लागणार का? रात्री उशिरा किंवा रविवारी बोलावत असाल तर त्याचा दर निराळा असू शकतो, तोही तेव्हाच विचारा. विचारायला संकोच वाटतो हे खरं, पण दारात भांडायला त्याहून जास्त वाटतो.

मग एक ओळ व्हॉट्सॲपवर टाका: ‘आज ५ वाजता मोटर बघायला येताय, तपासणी १५० रु., काम केल्यास मजुरीत वजा. बरोबर ना?’ त्याचं ‘हो’ किंवा नुसता अंगठा आला तरी पुरे. आपल्या गावात हे आणखी एका कारणासाठी करावं. बोलणारा मराठी, ऐकणाऱ्याची घरची भाषा कन्नड किंवा तेलुगू, मधे कारखान्याचा नाहीतर रस्त्याचा आवाज. ‘दीडशे’ आणि ‘अडीचशे’ यांची गफलत व्हायला वेळ लागत नाही. आकडा लिहिलेला असला की तो कुठल्याही भाषेत तेवढाच राहतो.

बिघाडाचं वर्णनही नीट करा, कारण दुसऱ्या फेरीचे पैसे बहुतेक वेळा ‘सामान नव्हतं’ यातूनच निघतात. ‘मोटर बंद आहे’ असं सांगितलं तर तो बिचारा काय घेऊन येणार? मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तर कंडेन्सर गेलेला असू शकतो किंवा ती जाम झालेली. फिरते पण पाणी चढत नाही, तर हवा धरली असेल किंवा फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाशी पाणी धरून ठेवणारी झडप) गळत असेल. बटण दाबलं की एमसीबी (बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारं बटण) पडतो, तर वाइंडिंग (मोटरच्या आतली तारेची गुंडाळी) किंवा वायरिंगकडे संशय. एवढं सांगून मोटरच्या अंगावरच्या पट्टीचा फोटो पाठवला की एचपी वगैरे त्याला कळतं आणि तो कंडेन्सर खिशात घालूनच येतो. झाकण मात्र स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये झटका देण्याइतका विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

फोन करण्याआधी शेजारी डोकावून बघा. सगळ्या गल्लीतच लाइट नसेल तर खासगी वायरमन येऊन करणार काय? तिथे महावितरणचा १९१२ हा नंबर लावायचा. एमसीबी पडलेला, आरओचा इनलेट नळ बंद, रिमोटचे सेल संपलेले, या कारणांसाठी माणूस बोलावला आणि त्याने दोन मिनिटांत बटण वर करून पैसे मागितले, तर त्यात त्याची काहीच चूक नाही.

इंटरनेटवर सापडलेला ‘कस्टमर केअर’

फ्रिज किंवा एसी बिघडला की कंपनीचं नाव टाकून शोधायचं आणि जो पहिला नंबर दिसेल तो लावायचा, ही सवय सोडा. अनेकदा तो नंबर कंपनीचा नसतोच. खासगी दुकान कंपनीचं नाव वापरून माणूस पाठवतं, वॉरंटीत असलेल्या वस्तूसाठीही व्हिजिट चार्ज घेतं, आणि तुम्ही तक्रार केली की खरी कंपनी हात झटकते: “तो आमचा माणूस नव्हता.” नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरचाच घ्या. याहून वाईट म्हणजे, नोंदणीचे दहा रुपये भरा म्हणून लिंक पाठवणारे किंवा स्क्रीन शेअर करायला लावणारे. हे कारागीर नव्हेत, चोर आहेत. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

खऱ्या कंपनीचा माणूस आला तरी दोन गोष्टी ध्यानात असू द्या. वॉरंटी म्हणजे सगळं फुकट असं नसतं. व्होल्टेज वाढून जळालेलं किंवा उंदराने कुरतडलेलं बहुधा त्यात बसत नाही. पैसे का लागले ते जॉब शीटवर, म्हणजे केलेल्या कामाच्या कागदावर, लिहून मागा. आणि काम संपल्यावर तो तुमच्या मोबाइलवर आलेला कोड किंवा ओटीपी मागतो, तो बिलाचा प्रश्न मिटल्याशिवाय देऊ नका. तो कोड दिला की कंपनीच्या नोंदीत ‘तक्रार मिटली, ग्राहक समाधानी’ असं लागतं, आणि मग पुढच्या फोनवर तुम्हालाच खुलासे देत बसावं लागतं. ॲपवरून माणूस बोलावत असाल तर बुकिंग करतानाच दराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

दारात आवाज चढवणं, पिशवी अडवणं

‘पैसे कसे मागतो बघतोच’ म्हणत त्याची हत्यारांची पिशवी ठेवून घेणारे महाभाग आहेत. असं केलंत की तोवर बरोबर असलेली तुमची बाजूही चुकीची ठरते. शेजाऱ्यांना गोळा करणंही तसंच. चारचौघांत कुणी माघार घेत नाही. पोलिसांकडे जाण्यासारखंही हे प्रकरण नव्हे. पैशांचा वाद हा दिवाणी वाद. हां, तो धमकी देत असेल किंवा घरातून जायलाच तयार नसेल, तर ११२ लावायला कचरू नका. घरी एकटी आजी असेल तर तिने भांडत बसण्यापेक्षा पैसे देऊन माणूस वाटेला लावावा आणि पुढचं बोलणं दुसऱ्या कुणी फोनवर करावं.

उलट बाजूही माहीत हवी. मोटर किंवा मिक्सर त्याने दुकानात नेऊन दुरुस्त केला, तर त्या दुरुस्तीची मजुरी मिळेपर्यंत तो वस्तू अडवून ठेवू शकतो. करार कायद्याचं कलम १७० त्याला तेवढा हक्क देतं. पण त्याच कामाच्या मजुरीपुरता. मागच्या दिवाळीच्या उधारीसाठी आजचा मिक्सर अडवता येत नाही. म्हणून वस्तू घराबाहेर पडण्याआधी चिठ्ठीवर लिहून घ्या: काय नेलं, कधी देणार, आणि अमुक रकमेच्या वर खर्च जात असेल तर आधी विचारणार. काढलेला जुना भागही परत मागा.

दारात बोलायचं ते शांतपणे, आणि माणूस निघून गेला असेल तर लिहून. असं काहीसं:

‘अण्णा, नमस्कार. आज मोटर बघायला वेळेत आलात, बरं झालं. व्हिजिटचे ३०० लागतील हे मात्र फोनवर बोलणं झालं नव्हतं. तपासणीचे १५० आत्ता पाठवतो. काम तुमच्याकडूनच करून घ्यायचंय, तेव्हा हे मजुरीत धरा. उद्या किती वाजता येताय कळवा.’

यात नकार आहे, आकडा आहे आणि पुढचं कामही आहे. चांगला वायरमन अशा निरोपावर बहुधा भांडत नाही, कारण त्याला दीडशेपेक्षा उद्याचं काम मोठं असतं. तुम्हालाही पुढच्या पाण्याच्या दिवशी तो फोन उचलणारा हवाच आहे.

आधी देऊन टाकू, नंतर परत घेऊ

यूपीआयने पाठवलेले पैसे ‘मला आता पटत नाही’ म्हणून बँक परत आणून देत नाही. तुम्ही पिन टाकला, समोरच्याला पोहोचले, संपलं. म्हणून द्यायचेच असतील तर पाठवताना शेऱ्यात लिहा: ‘व्हिजिट ३००, आधी सांगितले नव्हते’. एवढी नोंद पुढे उपयोगी पडते. रोख दिले तर कागद घ्या. पावती देणं ही मेहरबानी नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिलेल्या सेवेचं बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. छोट्या वायरमनकडे छापील बिलबुक नसतं, मान्य. वहीच्या पानावर नाव, तारीख, कशाचे किती, आणि सही, एवढं चालतं.

बिलात १८ टक्के जीएसटी लावला असेल तर जीएसटी नंबर बघा. तो १५ अंक-अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. नोंदणी नसलेल्याला ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. नवं सामान पाकिटातलं असेल तर एमआरपीवर नजर टाका. त्यात सगळे कर धरलेले असतात, वर आणखी कर लावता येत नाही.

तीनशे रुपयांसाठी ग्राहक आयोग?

एकट्या वायरमनशी तीनशे रुपयांवरून वाद असेल तर नको, असंच मी सांगेन. तुमची अर्ध्या दिवसाची रजा त्याहून महाग आहे. निम्म्यावर तोड काढा आणि पुढच्या वेळी दुसरा माणूस बघा. पण कंपनी, मोठं सर्व्हिस सेंटर किंवा ॲप असेल आणि न सांगता पैसे उकळत असेल, तर गप्प बसू नका. आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून तडजोड घडवायचा प्रयत्न करते. मोठ्या कंपनीच्या बाबतीत तेवढंही बऱ्याचदा पुरतं, पेठेतल्या वायरमनच्या बाबतीत त्याचा फारसा उपयोग नाही.

त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं कार्यालय बंगळुरूत असो वा दिल्लीत, तुम्ही सोलापुरात राहत असाल तर तक्रार सोलापुरात करता येते. वस्तू किंवा सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्याही दाखल करता येते. सोबत लागतात ती व्हॉट्सॲपची ओळ, यूपीआयचा शेरा, जॉब शीट आणि कंपनीला केलेल्या तक्रारीची प्रत.