डोळ्यातल्या इंजेक्शननंतर जळजळ होतेय? या चुका टाळा

मॅक्युलाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधल्या भागाची, ओल्या प्रकारची (रक्तवाहिन्या गळणारी) झीज असली की ठरावीक अंतराने डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. टोचताना बहुतेकांना फारसं दुखत नाही. त्रास सुरू होतो तो घरी आल्यावर, भुलीच्या थेंबांचा असर उतरला की. डोळ्यात कुसळ गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड नकोसा होतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, औषध बाधलं, पुढचं इंजेक्शन नको.

हीच सर्वांत मोठी चूक. रॅनिबिझुमॅब, बेव्हॅसिझुमॅब, अफ्लिबर्सेप्ट ही औषधं बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून आत सोडतात. कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, सुई लागतच नाही. त्या संध्याकाळची जळजळ बहुधा टोचण्याआधी डोळ्यात घालतात त्या पोव्हिडोन आयोडीनमुळे होते. ५ टक्क्यांचं हे द्रावण जंतू मारतं, पण कॉर्नियाच्या वरच्या नाजूक पेशींनाही दुखावतं. पापण्या उघड्या धरणाऱ्या क्लिपमुळे डोळा सुकतो, त्याची भर पडते. ज्यांचे डोळे मुळात कोरडे, त्यांना जास्त सोसावं लागतं.

तरीही ‘आयोडीन लावूच नका’ असा हट्ट धरू नका. संसर्ग टाळण्यासाठी त्याच्याइतका भरवशाचा उपाय नाही. कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं, म्हणजे आयोडीन चालत नाही, असंही पुष्कळांना वाटतं. त्या दोन गोष्टींचा संबंध नाही. त्यापेक्षा इंजेक्शन झाल्यावर डोळा सलाइनने नीट धुऊन द्यायला सांगा. दर वेळी फारच त्रास होत असेल, तर पाण्यात बनवलेल्या क्लोरहेक्सिडीन या दुसऱ्या जंतुनाशकाबद्दल डॉक्टरांना विचारा. अल्कोहोल असलेलं मात्र डोळ्याला चालत नाही, ते कॉर्नियाला इजा करतं.

घरी डोळा चोळू नका. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांना विचारून घालावेत, डोळे मिटून पडून राहावं. आराम पडतो म्हणून भुलीचे थेंब कुठून मिळवून घरी घालणं फार घातक आहे. त्यांनी जखम भरत नाही, आणि वारंवार वापरले तर कॉर्निया विरघळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. कपाटात उरलेले स्टिरॉइडचे थेंबही तसेच ठेवून द्या.

आता सर्वांत काळजीने वाचायचा भाग. आयोडीनची जळजळ पहिल्या काही तासांत जास्त असते आणि दुसऱ्या दिवशी उतरणीला लागते. डोळ्याच्या आतल्या संसर्गाचं उलट असतं: एक-दोन दिवस बरे जातात, मग दुखणं वाढत जातं, लाली वाढते, दिसणं धूसर होतं. हा संसर्ग विरळाच, साधारण दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखाद्याला होणारा, पण तो दृष्टी घेऊन जाऊ शकतो. ‘मागच्या वेळीही चुरचुरलं होतं’ म्हणत सोमवारची वाट पाहू नका. रविवार असो वा दिवाळी, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

पांढऱ्या भागावर नुसता रक्ताचा लाल डाग, दुखत नाही, नीट दिसतंय, तर घाबरू नका. तो एक-दोन आठवड्यांत जिरतो.

पुढच्या तारखेच्या आधी डोळ्यांच्या कोरडेपणाची तपासणी करून घ्या, आणि मागच्या वेळची जळजळ किती वेळ टिकली ते लिहून न्या. तारीख मात्र पुढे ढकलू नका. रक्तवाहिन्यांची गळती पुन्हा सुरू झाली की गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही.