ऑनलाइन जुगार: लगाम ॲपमध्ये नको, बँकेत घाला

आधी कायद्याचं बोलू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्याला संमती दिली. रमी, पोकर, तीन पत्ती, फँटसी क्रिकेट, रंग ओळखायचा खेळ, उडत्या विमानाचा खेळ. कौशल्याचा म्हणा की नशिबाचा, पैसे लागले की सगळे एकाच माळेचे मणी. खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही, त्याला पीडित मानलं आहे. पोलीस ठाण्याची किंवा डॉक्टरांची पायरी चढायला घाबरणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

मोठ्या भारतीय कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. उरले ते टेलिग्रामवरून एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) पाठवणारे आणि परदेशातून चालणारे. त्यांच्याकडे दाद मागायला कुणी नाही. ‘रोजची मर्यादा’ असं बटण असलं तरी हरलेला माणूस दोन टॅपमध्ये ती काढून टाकतो. म्हणून आमचं सांगणं सरळ आहे: अशा ॲपवर एक रुपयाही लावू नका. पण हात तिकडे जातच असेल, तर अडसर बँकेत घाला. तोही सकाळी, डोकं थंड असताना.

पहिलं काम वही-पेनाचं आहे. सगळ्या खात्यांचं मागच्या ९० दिवसांचं स्टेटमेंट काढा. दुसऱ्या बँकेतलं खातं, क्रेडिट कार्ड, वॉलेट, मित्राच्या फोनवरून टाकलेले पैसे, काही सोडू नका. वहीत दोनच रकाने पाडा: गेले आणि आले. ॲपमध्ये दिसणारी शिल्लक ‘आले’मध्ये धरायची नाही, बँकेत जमा झालं तेवढंच आलं. स्टेटमेंटमध्ये ॲपचं नाव सापडणार नाही, कारण हे लोक भाड्याच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या नावावरच्या खात्यांत पैसे घेतात. कुठलं तरी अनोळखी माणसाचं नाव, कुठलं तरी ‘ट्रेडर्स’ दिसेल. अशा नोंदी वेळेवरून आणि आकड्यावरून ओळखा. रात्री अकरानंतर, पाच-दहा मिनिटांच्या अंतराने ५००, ५००, १०००, २००० अशा गोल रकमा गेल्या असतील तर त्याच त्या. बेरीज करा आणि पगाराशेजारी लिहा. बहुतेकांनी मनात धरलेला आकडा या बेरजेपेक्षा खूप लहान असतो, कारण जिंकलेला डाव लक्षात राहतो आणि हरलेले विसरतात.

आता पैसे जातात कसे ते पाहू. समजा खेळ ९६ टक्के परत देतो असं लिहिलेलं आहे. म्हणजे १०० टाकले की सरासरी ४ गेले, फार वाटत नाही. पण १० रुपयांचा डाव मिनिटाला १० वेळा फिरतो. तासात ६०० डाव, म्हणजे ६००० रुपयांची उलाढाल आणि सरासरी २४० रुपये तोटा. खिशातून ५००च काढले होते, तरी दोन तासांत ते संपायला येतात. वर बेकायदा ॲपमध्ये तो ९६चा आकडा तपासणारं कुणी नसतं.

बोनसचंही तसंच. ‘१००० टाका, १००० फुकट’ याखाली बारीक अक्षरात अट असते: बोनसच्या वीसपट खेळल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. वीसपट म्हणजे २०,००० रुपयांचे डाव, आणि त्यावर ४ टक्के म्हणजे ८०० रुपये सरासरी गेले. तुमची रक्कम धरून वीसपट असेल तर उलाढाल ४०,००० आणि तोटा १६००, म्हणजे बोनसहून जास्त.

‘हरलो की दुप्पट लावायचं, एकदा तर येईलच’ ही युक्तीही करून पाहू नका. १०० पासून सुरू करून सात वेळा सलग हरलात तर १२,७०० रुपये गेले आणि आठवा डाव १२,८००चा. तो जिंकलात तरी एकूण फायदा १०० रुपये. बरोबरीच्या खेळात सलग सात हार १२८ मध्ये एकदा येते. एका रात्रीत दोन-तीनशे डाव खेळणाऱ्याला ती गाठण्याचीच शक्यता जास्त.

बँकेतला अडसर असा घाला. पगार ज्या दिवशी येतो, नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या अनेक कारखान्यांत तो ७ ते १० तारखेला होतो, त्याच दिवशी हप्ता, भाडं, शाळेची फी आणि किराण्याची रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात वळेल अशी स्थायी सूचना शाखेत देऊन ठेवा. हे दुसरं खातं बायको, आई किंवा भावाबरोबर संयुक्त हवं, आणि ‘दोघांच्या सहीने’ चालणारं हवं. ‘दोघांपैकी कुणीही’ नको. दोघांच्या सहीच्या खात्याला सहसा यूपीआय आणि एटीएम कार्ड मिळत नाही. पैसे काढायला दोघांना शाखेत जावं लागतं. हा त्रासच इथे कामाचा आहे. नुसतं कार्ड बायकोच्या हातात देऊन भागत नाही, कारण आधारच्या ओटीपीवर यूपीआयचा नवा पिन दोन मिनिटांत तयार होतो. पगाराच्या खात्यावर यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेतून कमी करून घ्या, कार्डाचा ऑनलाइन वापर बंद करा आणि ऑटोपेची यादी उघडून नको ते रद्द करा. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाचे पैसे एकरकमी हातात येतात, तिथे धोका आणखी मोठा. सोसायटीचं कर्ज आणि औषध दुकानदाराची उधारी पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशेब, झाल्या दिवशीच भागवा.

फोनमध्ये ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करा’ ही परवानगी बंद करा, टिप्स देणारे ग्रुप सोडा, १९०९ वर नको असलेल्या जाहिरातींची नोंद करा. बेटब्लॉकर हे जुगाराच्या साइट अडवणारं मोफत ॲप आहे. रोज नाव बदलणारी प्रत्येक साइट त्याच्या यादीत नसेल, तरी टाकून ठेवा.

खेळ कधी आजार होतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत जुगाराचा विकार स्वतंत्र नोंदलेला आहे. मानसोपचारात नऊ लक्षणं पाहतात: तेवढीच मजा यायला वाढती रक्कम लागणं, थांबवलं की चिडचिड होणं, सोडायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणं, डोक्यात सतत तेच असणं, मन खट्टू झालं की खेळणं, हरलेलं वसूल करायला परत बसणं, खोटं बोलणं, नोकरी-शिक्षण-नातं पणाला लागणं, आणि पैशासाठी दुसऱ्यांवर भार टाकणं. १२ महिन्यांत यातली चार दिसली तर डॉक्टर विकार म्हणतात. पण चारची वाट पाहू नका. वसुलीसाठी परत बसणं आणि घरच्यांपासून लपवणं, ही दोन आली तरी बोलायची वेळ झाली. पार्किन्सन्सच्या काही औषधांनीही जुगाराची ओढ लागते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला हे औषध चालू असताना अचानक नाद लागला तर त्यांना बोल लावण्याआधी डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

घरच्यांकडून सर्वांत मोठी चूक होते ती मायेपोटी. ‘एकदाच फेडून टाकू, परत करणार नाही म्हणालाय’ म्हणून सोनं पतसंस्थेत गहाण पडतं आणि रोख रक्कम त्याच्या हातात जाते. तसं करू नका. आधी कागदावर सगळी देणी मांडा: कुणाचं, किती, व्याज किती, कधीपर्यंत. हातउसने घेतलेलेही लिहा, लाजेने तेच लपवले जातात. पैसे द्यायचेच तर थेट सावकाराला किंवा बँकेला द्या आणि पावती घ्या. झटपट कर्जाचं ॲप असेल तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या डिजिटल कर्ज ॲपच्या यादीत त्याचं नाव आहे का पाहा. फोटो बदलून नातेवाइकांना पाठवण्याची धमकी आली तर पैसे देऊ नका. स्क्रीनशॉट ठेवून सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीसाठीच्या १९३० वर फोन करा.

‘कमिशन देतो, तुझं खातं वापरायला दे’ याला कधीही हो म्हणू नका, त्यातून गुन्हा दाखल होतो. जिंकलेले पैसे अशा भाड्याच्या खात्यातून आले तर तुमचंही खातं गोठवलं जाऊ शकतं. आणि ‘हरलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारा दुसरा भामटा असतो.

उपचार नाशिकमध्येच मिळतो. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटसाठी थांबू नका. माणसाला एकटं सोडू नका, ११२ लावा किंवा थेट रुग्णालयात न्या.

खेळायची उबळ आली की फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि अर्धा तास बाहेर चालून या. बहुतेकदा तेवढ्यात ती ओसरते. एखाद्या रात्री तरी पाय घसरेल. तसं झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी, संयुक्त खात्यावर ज्याची सही आहे त्याला रक्कम सांगा, वहीत ‘गेले’च्या रकान्यात लिहा आणि तो पैसा कुठल्या खात्यातून निसटला ते शोधून तेवढी फट त्याच दिवशी शाखेत जाऊन बुजवा.