थंडीत सकाळी बाईकवर काकडायचं नसेल तर पेपर घाला

निफाडहून नाशिकला सकाळी साडेसहाला बाईक काढायची म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी ५-६ अंशांवर, आणि दोन स्वेटर घातले तरी वारा छातीत घुसतोच, कारण लोकर वारा अडवत नाही.

१. कालच्या पेपरची ४-५ पानं घडी करून स्वेटरच्या वर आणि जॅकेटच्या आत, छातीपासून पोटापर्यंत ठेवा आणि चेन लावा. कुरकुर आवाज येतो, येऊ द्या. ऑफिसात पोचलं की काढून ड्रॉवरमध्ये ठेवायची, संध्याकाळी परत तीच.

२. लोकरीच्या हातमोज्यांच्या आत मेडिकलमध्ये मिळतात ते पातळ रबरी ग्लोव्हज. घाम येतो थोडा, पण बोटं बधिर होत नाहीत.

३. हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरत असेल तर आदल्या रात्री भांड्याच्या लिक्विड सोपचा एकच थेंब आतून चोळायचा आणि मऊ कोरड्या फडक्याने काच स्वच्छ दिसेपर्यंत पुसायची, पाण्याने धुवायची नाही.

४. जुनी कार्बोरेटरवाली गाडी असेल तर चोक ओढून किक मारा, मिनिटभराने चोक बंद करा, विसरलात की पेट्रोल उगाच जळतं. सेल्फ सलग पाच सेकंदांच्या वर दाबू नका, बॅटरी आधीच गारठलेली असते.

एक मात्र बघा, हातमोजे घालून ब्रेक आणि क्लच नीट दाबता येतात ना ते गाडी उभी असतानाच तपासा, आणि मफलरची टोकं जॅकेटच्या आत खोचा, मागे लोंबकळत ठेवली तर चाकात जायची.