भिंत खाणारी माझी लेक

धाकटी अडीच वर्षांची. कपाटाशेजारच्या कोपऱ्यात बसून भिंतीचे पोपडे नखाने उकरायची नि खायची. ओठांना पांढरी भुकटी. मी ओरडले, हातावर चापटही मारली. मग ती लपून खायला लागली. ती चापट मला अजून बोचते.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, जंत असतील." बालरोगतज्ज्ञांनी जंताचं औषध दिलं, पण रक्तही तपासलं. हिमोग्लोबिन ८.४, या वयात किमान ११ हवं. लोह कमी पडलं की मुलांना माती, चुना, खडू खावासा वाटू शकतो. आणि आमची लेक दिवसाला लिटरभर दूध प्यायची, जेवण जेमतेम! दुधात लोह नगण्य, वर पोट भरलेलं.

दूध दोन कपांवर आणलं. लोहाचं औषध दुधासोबत न देता मोसंबीच्या रसाबरोबर. शी काळी झाली तेव्हा घाबरले, पण ती औषधामुळेच होते. उसळीवर लिंबू पिळायला लागले. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कपाट सरकवून तो कोपराच झाकला.

महिन्याभरात पोपडे खाणं सुटलं. हिमोग्लोबिन ११ च्या वर गेल्यावरही डॉक्टरांनी औषध तीन महिने चालू ठेवलं.