शॉर्ट कॉर्नर देताना पंचांच्या नेहमीच्या चुका: या टाळा

हॉकीत शॉर्ट कॉर्नरचा (म्हणजे पेनल्टी कॉर्नरचा: बचावाच्या चुकीबद्दल आक्रमकांना बॅकलाइनवरून मिळणाऱ्या चेंडूचा) वाद पेटतो गोलजवळ, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा पाच-सहा सेकंद आधीचं असतं. बॅकलाइनवरून, म्हणजे गोल असलेल्या टोकाच्या रेषेवरून, चेंडू निघतो त्या क्षणी दोन्ही पंच चेंडूकडेच बघत राहतात. मॅचआधीच कामं वाटून घ्या. ज्याच्या बाजूला कॉर्नर आहे त्याने बॅकलाइन, गोलकीपर आणि बॅकलाइनमागून धावत सुटणारे बचावपटू बघायचे. समोरच्याने डीची (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाची) वरची रेघ, तिथले आक्रमक आणि चेंडू खरोखर डीबाहेर गेला का, हे बघायचं. सेंटरलाइनपलीकडचे बचावपटूही त्याच्याच वाट्याला.

चेंडू ठेवायची जागा जवळच्या पोस्टच्या बाहेरच्या कडेपासून किमान १० मीटरवर असते. गोलच्या मध्यापासून मोजलं तर चेंडू जवळजवळ दोन मीटर गोलकडे सरकतो. चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमसारख्या टर्फवर हा प्रश्न येत नाही. शाळांच्या मातीच्या मैदानावर चुन्याची रेघ निम्म्या मॅचमध्येच पुसली जाते, म्हणून खिशात टेप हवी. ५ मीटरची खूणही तपासा. चेंडूपासून ५ मीटरच्या आत पुश करणाऱ्याशिवाय, म्हणजे बॅकलाइनवरून चेंडू आत ढकलणाऱ्याशिवाय, कुणीही उभं राहायचं नाही.

त्याच मातीवर आणखी एक गंमत होते. पुश केलेला चेंडू खड्ड्यावर उडतो आणि बचावाची बाजू ‘उचलला, उचलला’ म्हणून ओरडते. नियमात मनाई आहे ती मुद्दाम उचलण्याला, टप्पा उडण्याला नाही. तसंच, बचावपटूची स्टिक रेषेपुढे हवेत असली तर शिट्टी वाजवू नका. स्टिक, हात किंवा पाय मैदानात जमिनीला टेकला तरच चूक.

सगळ्यात जास्त गोंधळ लवकर सुटण्याच्या शिक्षेत होतो. बचावपटू लवकर सुटला, तर तोच सेंटरलाइनपलीकडे जातो, त्याच्या जागी दुसरा येत नाही आणि कॉर्नर पुन्हा घेतला जातो. गोलकीपर लवकर सुटला तर त्याला पाठवायचं नाही. कोण जाणार ते संघ ठरवतो, पण माणूस एक कमी होतोच. आक्रमक लवकर डीत शिरला, तर तो सेंटरलाइनपलीकडे. पुश करणाऱ्याने हुलकावणी दिली, तर तोही तिकडेच जातो, त्याच्या जागी दुसरा पुश करतो, आणि हुलकावणीने फसून सुटलेल्या बचावपटूला शिक्षा नाही. पुश करताना एक पाय मैदानाबाहेर नसेल, तर फक्त पुन्हा कॉर्नर.

आता खरी मेख. ‘पुन्हा घेतलेला’ कॉर्नर आणि ‘नव्याने मिळालेला’ कॉर्नर हे वेगळे. एक जण पाठवल्यामुळे चौघांवर बचाव चालू असताना कुणाच्या पायाला चेंडू लागून नवा कॉर्नर मिळाला, तर बचावाला गोलकीपर धरून पुन्हा नेहमीचे पाच जण मिळतात. इथे चौघांवरच खेळवणारे पंच कमी नाहीत, आणि कॅप्टन चिडला तर त्याचं बरोबरच असतं.

पहिला शॉट हिट असेल, तर चेंडूने गोललाइन ४६० मिलिमीटरच्या आत, म्हणजे गोलच्या तळाशी असलेल्या बोर्डाच्या उंचीच्या आत ओलांडायला हवी. स्लॅपही (स्टिक जमिनीलगत फिरवून मारलेला फटका) हिटच धरतात. ड्रॅग फ्लिकला (चेंडू स्टिकवर ओढत नेऊन उचलून फेकण्याला) ही मर्यादा नाही, फक्त धोका बघायचा. कान उघडे ठेवा: बोर्डाचा ‘ठक’ आवाज आला तर बहुधा हिशोब मिटला. नुसती जाळी हलली म्हणून मात्र गोल नाकारू नका. चेंडूचा मार्ग बोर्डाखालचा होता आणि तो गोलकीपरच्या पॅडला लागून वर गेला, तर गोल पक्का. म्हणून नजर चेंडूच्या वाटेवर हवी, शेवटच्या जागेवर नको. चेंडू एकदा डीपासून ५ मीटरपलीकडे गेला की ही उंचीची अटही संपली.

पहिल्या शॉटच्या वेळी शॉटपासून ५ मीटरच्या आत असलेल्या बचावपटूला गुडघ्याखाली चेंडू लागला, तर पुन्हा कॉर्नर. सरळ उभ्या स्थितीत गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला, तर शॉट धोकादायक, फ्री हिट बचावाला. पण स्टिकने खेळायचा प्रयत्नही न करता जो सरळ शॉटवर धावून जातो, धोका त्यानेच निर्माण केला, म्हणून शिक्षा त्यालाच. हा फरक करायला धैर्य लागतं, कारण माणूस विव्हळत खाली पडलेला असतो. आणि गोललाइनवर पायाने थांबवलेला चेंडू आत जाणारच होता असं दिसलं, तर कॉर्नर नव्हे, पेनल्टी स्ट्रोक (एकट्या गोलकीपरसमोर मारायचा फटका).

कॉर्नर दिल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत बदली खेळाडू नाही. अपवाद एकच, बचाव करणाऱ्या संघाचा गोलकीपर जखमी किंवा निलंबित झाला तर. वेळ संपली तरी कॉर्नर पूर्ण होऊ द्यायचा. त्या प्रसंगी चेंडू दुसऱ्यांदा डीबाहेर गेला की खेळ संपला, टेबलावरचा भोंगा वाजला म्हणून नव्हे.