ऑनलाइन दुकानातील ग्राहकांच्या लॉगिन आणि ईमेलच्या तक्रारी कशा सोडवाव्यात

नाशिक आणि येवला परिसरातील अनेक दुकानदार आता चिवडा, बेदाणे, तांब्याची भांडी आणि पैठण्या स्वतःच्या वेबसाइटवरून विकतात, आणि यांतील बऱ्याच वेबसाइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीवर वूकॉमर्स हे दुकान चालवण्याचे प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) बसवून तयार केलेल्या असतात. ‘लॉगिन होत नाही’ असा ग्राहकाचा फोन आला की दुकानातून सर्रास नवा पासवर्ड तयार करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला जातो. हा मार्ग टाळावा. एक तर तो पासवर्ड दुकानातील माणसाला आणि तो फोन हाताळणाऱ्या प्रत्येकाला कळतो, आणि दुसरे म्हणजे मूळ बिघाड तसाच राहून पुढच्या ग्राहकाला पुन्हा तोच त्रास होतो.

फोन आल्यावर सर्वप्रथम ‘काकू, बटण दाबल्यावर स्क्रीनवर नेमके काय दिसते?’ एवढेच विचारावे आणि उत्तर शब्दशः लिहून घ्यावे, कारण बिघाड कोठे आहे हे बहुतेक वेळा त्या उत्तरातच असते. खाते सापडत नाही असा संदेश दिसत असेल, तर वापरकर्त्यांच्या यादीत तो ईमेल पत्ता शोधावा. अनेक ग्राहकांनी मागची खरेदी खाते न उघडता, पाहुणे म्हणून केलेली असते. ऑर्डर मिळालेली असल्याने आपले खाते आहेच, असा त्यांचा प्रामाणिक समज असतो. पत्त्यातील टिंबाकडेही लक्ष द्यावे. जीमेल पत्त्याच्या नावातील टिंबे विचारात घेत नाही, त्यामुळे टिंब असो वा नसो, मेल एकाच पेटीत येतो. वूकॉमर्स मात्र ते दोन वेगळे पत्ते मानते आणि एकाच ग्राहकाची दोन खाती तयार होऊ शकतात.

माहिती भरून बटण दाबल्यावर चूक झाल्याचा संदेशही येत नाही आणि खातेही उघडत नाही, नुसते तेच पान पुन्हा समोर येते, अशी तक्रार असेल तर ग्राहकाचा पासवर्ड बहुधा बरोबरच असतो. लॉगिनच्या फॉर्ममध्ये एक छुपा सुरक्षा संकेत असतो आणि तो जास्तीत जास्त २४ तास चालतो. वेबसाइटचा वेग वाढवण्यासाठी बसवलेल्या कॅशने (पानांच्या तयार प्रती साठवणाऱ्या व्यवस्थेने) ते पान साठवून ठेवले, तर ग्राहकाला जुना संकेत असलेला फॉर्म मिळतो आणि वूकॉमर्स तो काही न बोलता नाकारते. म्हणून ‘माय अकाउंट’, ‘कार्ट’ आणि ‘चेकआउट’ ही तिन्ही पाने कॅशमधून वगळावीत. वेबसाइटसाठी सर्व्हर पुरवणाऱ्या होस्टिंग कंपनीची किंवा वेबसाइटचा वेग वाढवणाऱ्या क्लाउडफ्लेअर सेवेची वेगळी कॅश असेल, तर तेथेही हाच नियम लावावा. त्याचबरोबर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधील दोन्ही वेब पत्ते अक्षरशः सारखे आहेत ना, हे पाहून घ्यावे. एकात ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर लॉगिनची कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली लॉगिनची खूण) एका पत्त्यावर राहते आणि ग्राहक दुसऱ्या पत्त्यावर पोहोचतो.

सर्वांत जास्त तक्रारी मात्र पासवर्ड बदलण्याच्या मेलबाबत येतात. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: ‘मेल पाठवला आहे’ हे वूकॉमर्सचे वाक्य मेल पोहोचल्याचा पुरावा नसते, किंबहुना तो सर्व्हरवरून बाहेर पडल्याचाही नसते. म्हणून पाठवलेल्या प्रत्येक मेलची नोंद ठेवणारे प्लगिन आधी बसवावे आणि त्या नोंदीतून मेल निघाला का, निघाला असेल तर कोणत्या पत्त्यावर, हे तपासावे. ऑर्डरचे मेल व्यवस्थित येतात पण पासवर्डचाच येत नाही, असे ग्राहक म्हणत असेल, तर खात्याचा ईमेल आणि बिलाचा ईमेल वेगवेगळे असण्याची दाट शक्यता असते. ऑर्डरचा मेल बिलाच्या पत्त्यावर जातो आणि पासवर्डचा खात्याच्या पत्त्यावर. ऑर्डर देताना मुलाने स्वतःचा पत्ता भरला असेल, तर आईला पासवर्डचा मेल मिळेल पण ऑर्डरचा मिळणार नाही, किंवा नेमके याच्या उलट घडेल.

मेल पोहोचतो पण त्यातील लिंक चालत नाही, हाही नेहमीचा प्रकार आहे. ही लिंक २४ तास चालते आणि नवी मागितली की जुनी त्याच क्षणी बाद होते. मेल यायला उशीर झाला की ग्राहक तेच बटण दोन-तीनदा दाबतो, सारख्या विषयाचे सगळे मेल जीमेल एकाखाली एक गोळा करून दाखवते, आणि ग्राहक त्यांतला वरचा, म्हणजे सर्वांत जुना मेल उघडून बसतो. त्याला सर्वांत खालचा, शेवटी आलेला मेल उघडायला सांगावे. एवढ्यानेच काम होते.

मेल स्पॅममध्ये जात असेल किंवा अजिबात पोहोचत नसेल, तर पाठवण्याची पद्धतच बदलावी लागते. वर्डप्रेस मूळ रचनेत होस्टिंगच्या सर्व्हरवरून कोणत्याही लॉगिनशिवाय मेल पाठवते आणि अशा मेलवर मोठ्या ईमेल सेवांचा सहसा विश्वास बसत नाही. त्याऐवजी एसएमटीपी प्लगिन (लॉगिन करून मेल सर्व्हरमार्फत मेल पाठवणारे) बसवून ५८७ किंवा ४६५ या पोर्टवरून, स्वतःच्या डोमेनच्या पत्त्याने मेल पाठवावेत. प्रेषक म्हणून दुकानाचा जीमेल पत्ता टाकण्याचा मोह आवरावा, कारण जीमेलच्या नावाने तिसऱ्याच सर्व्हरवरून आलेले मेल संशयास्पद ठरतात. जीमेलच्या सर्व्हरवरूनच मेल पाठवायचे असतील, तर द्विस्तरीय पडताळणी चालू करून फक्त या कामासाठीचा वेगळा, १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो, आणि गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की तो रद्द होतो. काल चालणारे मेल आज एकाएकी बंद पडले, तर आधी हेच तपासावे.

यानंतर डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एसपीएफ (कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (तपासणीत न टिकलेल्या मेलचे काय करावे याचा नियम) या तीन नोंदी कराव्यात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे पहिल्या दोहोंपैकी किमान एक असणे आवश्यक आहे आणि दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. पण दुकान लहान असले तरी तिन्ही कराव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. जाहिरातीच्या मेलसाठी दुसरी सेवा घेताना तिच्या सूचनेप्रमाणे नवी एसपीएफ नोंद जोडली जाते आणि मग दोन्ही निकामी होतात; म्हणून नव्या सेवेचा पत्ता जुन्याच नोंदीत समाविष्ट करावा. काम झाल्यावर स्वतःच्या जीमेलवर एक चाचणी मेल पाठवून मेलच्या मेनूतील ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय उघडावा आणि तिन्हींपुढे ‘पास’ लिहिलेले आहे ना, हे पाहावे. रेडिफमेल आणि आउटलुकवरही एकेक मेल पाठवून बघावा. हे सगळे दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर सुरू होण्यापूर्वी काही आठवडे उरकावे, कारण डीएनएसमधील बदल सर्वत्र लागू व्हायला वेळ लागतो आणि ऐन गर्दीत झालेली चूक निस्तरणे फार अवघड जाते.

दुकानाकडून सर्व काही ठीक असूनही एखाद्याच ग्राहकाला मेल मिळत नसेल, तर त्याच्या गूगल खात्याची १५ जीबीची मोफत जागा भरली आहे का, हे विचारावे. ती भरली की जीमेल नवे मेल परत पाठवते.

जुना ईमेल बंद पडला म्हणून खात्याचा पत्ता बदलून मागणाऱ्या ग्राहकाची ओळख आधी पटवून घ्यावी. मागच्या ऑर्डरचा क्रमांक, मागवलेल्या वस्तू आणि घरपोच पाठवण्याचा पिनकोड त्याला विचारावा, आपण होऊन सांगू नये, आणि खात्यात नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावर दुकानातून उलट फोन करावा. पत्ता बदलल्यावर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावर तशी सूचना पाठवते. ती सूचना बंद करू नये, कारण भलत्याच कोणी फोन करून खाते बळकावले असेल, तर खऱ्या ग्राहकाला ते त्या सूचनेवरूनच कळेल.